‘पालकांच्या विनंतीवरून’ : निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचा नव्या शाळेचा शोध

प्रास्ताविक

निवासी शाळेतून विद्यार्थ्यास काढून टाकल्याचा लेखी आदेश क्वचितच निघतो. बहुधा दूरध्वनी येतो, पालकांना भेटीस बोलावले जाते आणि मुख्याध्यापक सौम्य शब्दांत सांगतात की, मुलगा येथे रुळत नाही, त्यास अन्यत्र घालणे त्याच्याच हिताचे ठरेल. त्याच बैठकीत एक कोरा कागद किंवा छापील अर्ज पुढे केला जातो. ‘घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा’ अशा आशयाच्या चार ओळी पालक लिहून देतात. संध्याकाळपर्यंत ट्रंक, गादी आणि मूल बसस्थानकावर असते.

गावातील नेहमीच्या शाळेतून मूल बाहेर पडले तर त्याचा वर्ग जातो, घर राहते. निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाचा वर्ग, खाट, दोन वेळचे भोजन, सवंगडी आणि देखरेख करणारा मोठा माणूस ही सर्व एकाच दिवशी सुटतात. म्हणून त्याच्यासाठी नवी शाळा शोधणे ही बाब केवळ प्रवेशाची नसते. महाविद्यालयीन अध्यापकाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. आपल्याकडे एकाच संस्थेच्या छत्राखाली शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि वसतिगृह चालते, अध्यापकांपैकी कोणीतरी रेक्टर असतो, कोणी शालेय समितीवर असतो. शिवाय गावाकडील नातलग असा प्रसंग ओढवला की सर्वप्रथम ‘कॉलेजात असलेल्या’ माणसाकडेच सल्ल्यासाठी येतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नव्या शाळेचा शोध जुन्या शाळेच्या कार्यालयातच सुरू होतो. ‘काढले’ याचे कागदोपत्री ‘सोडली’ कसे होते हे ज्या पालकास उमगते, त्याचा पुढील मार्ग काहीसा सुकर होतो. ज्यास उमगत नाही त्याचे मूल बहुधा शिक्षणाबाहेर पडते.

‘काढणे’ आणि ‘सोडणे’

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे इयत्ता आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची आणि विद्यार्थ्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. या दुरुस्तीची चर्चा पुष्कळ झाली. मात्र काढून टाकण्यावरील बंदी त्या दुरुस्तीतही कायम राहिली, याकडे फारसे लक्ष गेले नाही. अधिनियमातील ‘शाळा’ या संज्ञेत शासकीय व अनुदानित शाळांबरोबर विनाअनुदानित खासगी शाळाही येतात. म्हणजे भरमसाट शुल्क आकारणारी डोंगरावरील निवासी शाळादेखील सातवीतील मुलास कायद्याने काढू शकत नाही.

यास दोन मोठे अपवाद आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा व मुख्यत्वे धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. त्यानंतर २०१४ मध्ये प्रमती न्यासाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, हा अधिनियम लागू नसल्याचा निर्णय दिला. २०२५ मध्ये द्विसदस्यीय पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला. पाचगणीसारख्या ठिकाणच्या जुन्या निवासी शाळांपैकी काही ख्रिस्ती संस्थांनी स्थापन केलेल्या असल्याने हा मुद्दा महाराष्ट्रातील पालकांसाठी केवळ तात्त्विक नाही.

अधिनियमात आणखी एक पोकळी आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती अपवादांहून अधिक घातक आहे. कलम १६ शाळेविषयी बोलते. वसतिगृहाविषयी ते मौन बाळगते. ‘मुलाचे नाव पटावर आहेच, वर्गात खुशाल बसावे, फक्त वसतिगृहात ठेवता येणार नाही’ असे व्यवस्थापनाने म्हटले तर कायद्याचे अक्षर पाळले जाते. दीडशे किलोमीटरवरील पाड्यावरून आलेल्या मुलासाठी मात्र वसतिगृहातून निघणे आणि शाळेतून निघणे यांत काहीही अंतर नसते.

आठवीनंतर कलम १६ चे संरक्षण संपते आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे तेवढी उरतात. त्यांविषयी दोन निर्णय अध्यापकांनी जोडीने वाचावेत असे आहेत. घनश्यामदास गुप्ता प्रकरणात (१९६२) परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल विद्यार्थ्यांना बाजू मांडण्याची संधी न देता शिक्षा करणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात (१९७३) विद्यार्थिनींच्या वसतिगृहात शिरल्याचा आरोप असलेल्या विद्यार्थ्यांवरील कारवाई मात्र न्यायालयाने उचलून धरली. तेथे विद्यार्थिनींचे जबाब आरोपितांच्या गैरहजेरीत घेतले होते, परंतु आरोपितांना आरोप कळवून त्यांचे म्हणणे ऐकले गेले होते, आणि तक्रारदार मुलींच्या सुरक्षिततेचा विचार करता तेवढे पुरेसे मानले गेले. सारांश, संस्थेस न्यायालयाप्रमाणे खटला चालवावा लागत नाही, पण ऐकून घ्यावेच लागते. दूरध्वनीवरून बोलावून कोरा कागद पुढे करणे म्हणजे ऐकून घेणे नव्हे.

दाखल्यातील दोन रकाने

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जात, मातृभाषा यांच्या खाली काही रकाने असतात, ज्यांकडे एरवी कोणी पाहत नाही : अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. बहुसंख्य दाखल्यांवर प्रगती ‘समाधानकारक’ आणि वर्तणूक ‘चांगली’ असते. हे शब्द इतके यांत्रिकपणे लिहिले जातात की त्यांना काही अर्थ उरलेला नाही. अर्थ प्राप्त होतो तो त्यांच्या अभावाने. वर्तणुकीच्या रकान्यात आडवी रेघ दिसली, किंवा ‘बरी’ असा शब्द दिसला, की पुढील शाळेतील लिपिक चष्मा सावरून वर पाहतो.

हेच दोन रकाने त्या बैठकीतील सौद्याचे चलन असते. सौदा उघड बोलला जात नसला तरी उभय पक्षांना कळतो : आपण विनंती अर्ज द्या, आम्ही ‘वर्तणूक चांगली’ व ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहितो. पालकापुढे येथे खरा पेच उभा राहतो. अर्ज दिला तर दाखला स्वच्छ मिळतो, परंतु मुलास काढल्याचा पुरावा स्वहस्ते नाहीसा होतो आणि पुढे तक्रारीस जागा राहत नाही. अर्ज नाकारला तर हक्क शाबूत राहतो, पण मूल त्याच शाळेत नकोसे होऊन राहते किंवा दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात. कायद्याच्या अभ्यासकाने पहिला मार्ग भ्याडपणाचा म्हणावा इतका दुसरा सोपा नाही. जूनमध्ये वर्ग सुरू होतात, ऑगस्टमध्ये मूल घरी येते, आणि पालकास शाळा हवी असते, निकाल नव्हे.

असे असले तरी एक मधला मार्ग उपलब्ध असतो. सही करण्यापूर्वी शाळेने नेमके काय घडले हे लेखी द्यावे अशी मागणी पालक करू शकतात, आणि बैठकीनंतर त्याच दिवशी ‘आपण आज असे सांगितले’ अशा आशयाचे पत्र स्वतःहून पाठवून त्याची पोच घेऊ शकतात. या पत्रास शाळा उत्तर देईलच असे नाही. पण ‘विनंती’ कोणाची होती याची एक नोंद त्यामुळे राहते.

दाखला अडवून ठेवण्याचा प्रकारही घडतो, विशेषतः शुल्क थकलेले असताना. अधिनियमाच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, विलंब करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, आणि दाखला आला नाही या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. हे शेवटचे कलमांश पुष्कळ मुख्याध्यापकांना ठाऊक नसतात, किंवा ठाऊक असूनही त्यांना धीर होत नाही. कारण कागदी दाखल्याच्या जोडीला आता संगणकीय दाखला आला आहे. सरल प्रणाली व यू-डायस प्लस यांवर विद्यार्थ्याची नोंद जुन्या शाळेच्या नावावर असते आणि ती तेथून मोकळी झाल्याशिवाय नव्या शाळेच्या पटावर चढत नाही. पूर्वी दाखला टपालात हरवत असे, आता विनंती ‘प्रलंबित’ राहते.

या व्यवहारात एक गोष्ट मात्र तडजोडीच्या पलीकडील आहे. विद्यार्थ्यास काढण्यामागे लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, मग ते मूल पीडित असो वा आरोपित, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार ती माहिती पोलिसांकडे वा विशेष बाल पोलीस पथकाकडे देणे शाळेवर बंधनकारक आहे, आणि न देणाऱ्या संस्थाप्रमुखास कारावासाची तरतूद आहे. ‘वर्तणूक चांगली’ लिहून असे मूल दुसरीकडे पाठविणे हे औदार्य नसून गुन्हा आहे. त्याने नव्या शाळेतील मुले धोक्यात येतात, आणि मूल पीडित असेल तर त्याचीच शिक्षा होते.

एक जुने उदाहरण

वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी म्हणजे बिघडलेला विद्यार्थी, हे समीकरण महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात तरी टिकत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. त्यांपैकी जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेला आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला. त्याला वसतिगृह सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यास आपल्याकडे आश्रय दिला. हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे असे वसतिगृह काढले. या प्रसंगात काढण्याचे कारण वसतिगृहाच्या लेखी बेशिस्तच होते. ‘बेशिस्त’ या शब्दाखाली काय काय मोडते, हे त्या त्या काळची संस्था ठरविते, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

दारे केव्हा उघडतात

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. येथील पहिली अडचण भूगोलाची किंवा पैशाची नसून इयत्तेची असते. निवासी शाळांची दारे ठरावीक इयत्तांनाच उघडतात. जवाहर नवोदय विद्यालयात (ज्यांचा प्रारंभ १९८५-८६ मध्ये झज्जर व आपल्या अमरावतीस झाला) सहावीस निवड परीक्षेने प्रवेश मिळतो, नंतर रिक्त जागा असल्यास नववी व अकरावीस. सैनिक शाळांत, ज्यांतील पहिली साताऱ्याची (१९६१), सहावी व नववी हेच टप्पे आहेत आणि वयोमर्यादाही काटेकोर आहे. त्यामुळे सातवीच्या मध्यावर बाहेर पडलेल्या मुलास या दोन्ही दारांपुढे वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. तोवर कोठे शिकावे, हाच मुळी प्रश्न असतो.

कलम ५ मधील स्थलांतराचा हक्कही येथे तोकडा पडतो. तो शासकीय व अनुदानित शाळांपुरता आहे; विनाअनुदानित शाळा आणि नवोदय-सैनिक यांसारख्या विनिर्दिष्ट प्रवर्गातील शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे घराजवळची जिल्हा परिषदेची शाळा मुलास घेण्यास बांधील आहे, पण निवासी शाळा मिळणे हे बव्हंशी त्या शाळेच्या मर्जीवर राहते.

आदिवासी विद्यार्थ्यांबाबत परिस्थिती थोडी निराळी आहे. शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या असल्याने एका आश्रमशाळेतून दुसरीत जाण्याचा प्रश्न एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे नेता येतो. शाळा बदलते पण यंत्रणा तीच राहते. याचा लाभ असा की मूल कोठेतरी सामावले जाण्याची शक्यता वाढते. तोटा असा की तक्रार ज्याच्याविरुद्ध आणि ज्याच्याकडे, ते एकाच घरचे असतात. याच विभागाच्या नामांकित निवासी शाळा योजनेतून इंग्रजी माध्यमात गेलेले मूल परत आले तर आणखी एक गुंता होतो. पाचवी-सहावीपर्यंत इंग्रजीत शिकलेल्या मुलास मराठी माध्यमाच्या वर्गात बसविले जाते. वयानुरूप वर्ग देण्याची व पूरक शिक्षणाची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती शाळाबाह्य मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. माध्यम बदललेल्या मुलाची भाषेची तूट तिच्यात कोणी मोजत नाही.

नववी-दहावीत हा शोध अधिक अवघड होतो, कारण परीक्षा मंडळे नववीपासूनच नोंदणी करून घेतात. केंद्रीय मंडळाच्या शाळेत दहावीला थेट प्रवेशासाठी मंडळाची परवानगी लागते, आणि त्यासाठी पालकांची बदली, कुटुंबाचे स्थलांतर अशी कारणे दाखवावी लागतात. ‘शाळेने सोडावयास सांगितले’ हे कारण त्या यादीत चपखल बसत नाही. अशा वेळी सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देणे, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळणे, हे पर्याय उरतात. त्यांविषयी पालकांच्या मनात अकारण कमीपणा असतो. बाहेरून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीच्या वर्गात आपल्या समोर बसतो तेव्हा तो ओळखूही येत नाही.

पुन्हा निवासीच का?

सल्ला विचारण्यास आलेल्या पालकास सर्वप्रथम हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर घराघराप्रमाणे बदलते. अंथरूण ओले करणे, रात्री रडणे, वसतिगृहातून पळून जाणे, मोठ्या मुलांच्या छळाला कंटाळून कोणावर तरी हात उगारणे, अशा कारणांवरून मूल परत पाठविले असेल तर दोष मुलात नाही. ते मूल आणि निवासी जीवन यांचे जुळलेले नाही, किंवा देखरेखच अपुरी होती. एका निवासी शाळेतून उठवून दुसरीत बसविल्याने तेच पुन्हा घडण्याची शक्यता अधिक. घराजवळची साधी शाळा आणि एक-दोन वर्षांचा घरचा सहवास हाच अशा वेळी चांगला पर्याय. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने दूरची नवी शाळा गाठणारे पालक कमी नाहीत. आपली सोय आणि मुलाची गरज यांतील फरक त्यांना स्पष्टपणे सांगावा लागतो.

परंतु हाच सल्ला बीडच्या ऊसतोड मजुरास देणे क्रूरपणाचे होईल. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडे निघणारे कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. तोवर मुलाचे घर म्हणजे उसाच्या फडाशेजारची खोपी असते. त्याच्यासाठी वसतिगृह हीच शाळेची पूर्वअट आहे. जिल्हा परिषदेमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहे याच गरजेतून निघाली. अशा मुलाचे वसतिगृह ऐन हंगामात सुटले तर पुढची शाळा बहुधा सापडतच नाही. ते फडावर जाते, मोळ्या बांधू लागते. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि तिच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये (२००४ पासून) अशा मुलींसाठी आहेत, पण तेथवर पोहोचविणारे कोणी असावे लागते. सधन पालकाच्या मुलाचे एक वर्ष वाया जाते. मजुराच्या मुलाची शाळाच जाते, आणि दोघांच्याही दाखल्यावर तेच शब्द असतात : पालकांच्या विनंतीवरून.

नव्या शाळेस काय सांगावे

दाखला स्वच्छ असताना खरे कारण सांगावे की लपवावे, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ते तोंडी, मुलाच्या उपस्थितीत आणि त्याच्याच शब्दांत सांगितलेले बरे. निवासी शाळांचे जग लहान आहे. मुख्याध्यापक एकमेकांना ओळखतात, आणि प्रवेशानंतर महिनाभराने दूरध्वनीवरून कळलेले कारण नेहमीच प्रत्यक्षाहून मोठे असते. शिवाय रात्री साडेनऊला दिवे मालवल्यावर मुलाजवळ कोण असणार आहे, त्या अधीक्षकाला ते ठाऊक असणे मुलाच्या हिताचे आहे. अपवाद एकच. बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या प्रकरणाची माहिती शाळेला देण्यास पालक बांधील नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ अशा मुलाची ओळख उघड होऊ देत नाही आणि त्यास त्यापायी कोणतीही अपात्रता चिकटू देत नाही.

पालकांनीही शाळेस विचारावे : शंभर मुलांमागे रात्री किती मोठी माणसे असतात, अधीक्षक स्वतः आवारात राहतो काय, मुलास घरी बोलावयास केव्हा मिळते, गैरवर्तन घडल्यास निर्णय कोण घेते व पालकांना केव्हा कळविले जाते, सत्र अर्धवट सुटल्यास शुल्कापैकी काय परत मिळते. या प्रश्नांनी चिडणारी शाळा टाळणे श्रेयस्कर. निकालाची टक्केवारी विचारण्याची आपल्याकडे रूढी आहे. गेल्या वर्षी मधूनच किती मुले सोडून गेली, हे मात्र कोणी विचारत नाही. वस्तुतः तो आकडा प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहिलेला असतो.

जुन्या शाळेविरुद्ध तक्रार करावयाची झाल्यास अधिनियमाच्या कलम ३२ नुसार ती लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे करावी लागते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो. त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे होते. ऑगस्टमध्ये काढलेल्या मुलाच्या तक्रारीचा निर्णय वेळेत लागला तरी नोव्हेंबर उजाडतो. तोवर पहिले सत्र संपून दिवाळीची सुट्टी लागलेली असते. म्हणून तक्रार आणि प्रवेश या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू कराव्यात, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मुलाचे नाव गावच्या शाळेच्या पटावर तरी चढलेले असावे.